स्कॅनर वायफायवर सापडत नाही तेव्हा काय करायचं

सकाळी शटर वर गेलं, उतारा, आधार आणि पासबुक घेऊन चार माणसं काउंटरला टेकली, आणि संगणकावर पाटी आली: स्कॅनर सापडला नाही. काल संध्याकाळी तर चालू होतं की! प्रिंट निघते, झेरॉक्स निघते, स्कॅन तेवढं येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गाव कुठलंही असो; झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, वकिलांचं ऑफिस, पतसंस्था, ग्राम वन नावाचं सरकारी सेवा केंद्र, सगळीकडे हा प्रकार ठरलेला. अशा वेळी एक तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला जातो, नाहीतर इंटरनेटवाल्याला फोन जातो. दोन्हींत अर्धा दिवस मोडतो आणि दुखणं बहुधा तिसरीकडेच असतं.

पहिली गोष्ट पक्की करा. दुकानातल्या स्कॅनरवरून दुकानातल्याच संगणकावर कागद आणायला इंटरनेट लागत नाही. फायबर तुटलेली असली, रिचार्ज संपलेला असला, तरी राउटर चालू असेल तर स्कॅन यायला हवं. (अपवाद म्हणजे खात्यात लॉगिन केल्याशिवाय पुढे न जाणारी काही कंपन्यांची ॲप.) फोन कोल्हापूरकडचा टॉवर पकडतोय की चिकोडीकडचा, याचा स्कॅनरशी काडीचाही संबंध नाही. लागतं ते एवढंच: स्कॅनर आणि संगणक एकाच राउटरच्या घरात हवेत आणि त्यांना एकमेकांचा पत्ता माहीत हवा. पुढचं सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

आधी यंत्र बरं आहे का ते बघा

ऑल-इन-वन असेल तर काचेवर कागद ठेवून यंत्रावरचंच कॉपीचं बटण दाबा. झेरॉक्स निघाली म्हणजे दिवा, काच, सेन्सर सगळं ठीक आहे. दोष जोडणीत आहे, मेकॅनिक बोलावू नका. नुसता स्कॅनर असेल, तर यूएसबी केबल लावून एक पान स्कॅन करा. यूएसबीवर पान आलं तर ड्रायव्हरही बरा आहे, वायफायपुरतंच बघायचं उरलं. यूएसबीवरही आलं नाही, तर वायफायच्या मागे लागण्यात अर्थ नाही; आधी ते सुधारा.

चाचणी झाली की केबल काढून ठेवा. काही स्कॅनर यूएसबी लावली की वायफायवर बोलत नाहीत, आणि पुष्कळ ऑल-इन-वन यंत्रं मागे लॅनची केबल खोचली की वायफाय स्वतःहून बंद करतात. मागे धुळीत एखादी जुनी लॅन केबल लटकत असेल तर तीही बघून घ्या. दुसरं टोक कुठेच लावलेलं नसेल तर मुळीच ठेवू नका.

स्कॅनरचा पत्ता काढा

हीच पायरी लोक गाळतात आणि इथेच निम्मी उत्तरं मिळतात.

यंत्राला पडदा असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क किंवा वायफायच्या चिन्हाखाली आयपी पत्ता दिसतो. पडदा नसेल तर नेटवर्कची माहिती कागदावर छापून मिळते; कुठली बटणं किती वेळ दाबायची ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पुस्तिकेत असतं. छापलेल्या पानावर तीन ओळी शोधा: वायफायचं नाव, आयपी पत्ता आणि मॅक पत्ता (यंत्राची न बदलणारी ओळख).

मग संगणकावर या. विंडोजमध्ये शोधाच्या चौकटीत सीएमडी (cmd) टाइप करून काळी खिडकी उघडा. तिच्यात इंग्रजी अक्षरांत आयपीकॉन्फिग (ipconfig), मध्ये जागा न सोडता, लिहून एंटर मारा. आयपीव्ही४ लिहिलेल्या ओळीपुढे संगणकाचा पत्ता येतो आणि डिफॉल्ट गेटवेपुढे राउटरचा. कीबोर्ड कन्नड किंवा मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर घ्या. आकडेही इंग्रजीतच लागतात.

आता दोन पत्ते शेजारी शेजारी कागदावर लिहा. समजा असे आले:

स्कॅनर: १९२.१६८.१.२३
संगणक: १९२.१६८.०.१०५

पहिले दोन आकडे जुळले, तिसरा नाही. एकीकडे १, एकीकडे ०. दुकानात, घरात वापरतो त्या साध्या राउटरवर पहिले तिन्ही आकडे सारखे लागतात, शेवटचा तेवढा वेगळा. तिसरा वेगळा म्हणजे दोघं दोन घरांत आहेत. भिंतीला भिंत लागून असेल, पण दार नाही. ड्रायव्हर दहा वेळा टाकलात तरी यात फरक पडणार नाही.

स्कॅनरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तो राउटरपर्यंत पोचला असेलही, पण राउटरने त्याला पत्ता दिलेला नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू करा, तीन मिनिटं थांबा, मग स्कॅनर चालू करा. ०.०.०.० असेल तर तो वायफायला लागलेलाच नाही. तेव्हा पुढचा भाग सोडून थेट वायफाय जोडण्यावर या.

एकाच दुकानात दोन डबे

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच, म्हणून जरा सविस्तर.

केबलवाला फायबर आणतो तेव्हा एक डबा बसवून जातो. त्यातही वायफाय असतंच. पुढे मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून मालक बाजारातून दुसरा राउटर आणतो, पहिल्या डब्यातून एक केबल काढून दुसऱ्याच्या निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये खोचतो, आणि इंटरनेट सुरू होतं. सगळे खूश. पण दुसऱ्या राउटरने आता स्वतःचं वेगळं घर मांडलेलं असतं. पुढचा संगणक पहिल्या डब्यावर, मागचा स्कॅनर दुसऱ्यावर. दोघांनाही इंटरनेट मिळतं, एकमेकांना दिसत मात्र नाहीत.

घाईत असाल तर उपाय सोपा आहे. संगणक आणि स्कॅनर दोन्ही एकाच वायफायच्या नावाला जोडा आणि कामाला लागा. कायमचं करायचं तर दुसऱ्या राउटरला नुसता रेंज वाढवणारा बनवा:

१. संगणक केबलने दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टला लावा. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता (डब्याच्या बुडाला चिकटवलेला असतो) टाकून आत जा.

२. ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय दिसला तर तोच निवडा, सेव्ह करा, पुढचं काही करायला नको. पुस्तिकेत सांगितलेल्या पोर्टलाच केबल ठेवा.

३. तो पर्याय नसेल तर लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता बदला. पहिला डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. पहिला डबा पत्ते २ पासूनच वाटत असेल, तर आधी त्याची वाटपाची सुरुवात १० वर न्या. नाहीतर पुढेमागे तोच २ कुठल्या तरी फोनला जाईल. दोघांनाही १.१ ठेवलंत तर सगळंच बंद पडेल.

४. दुसऱ्या राउटरवरचं डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटणारा एकच हवा.

५. सेव्ह करून मग पहिल्या डब्याकडून येणारी केबल वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये घाला. ही पायरी शेवटी. वॅन पोर्ट रिकामा राहतो, राहू द्या.

६. संगणक आणि स्कॅनर बंद-चालू करून पत्ते पुन्हा तपासा. तिसरा आकडा आता जुळायला हवा.

क्रम चुकवून आधी केबल बदलली, तर काही वेळ दोन डबे दोन प्रकारचे पत्ते वाटतात आणि शेजारच्या टेबलवरचं बिलिंगही बंद पडतं. म्हणून हे काम गिऱ्हाइकाच्या वेळेत करू नका.

पत्ते जुळूनही एकमेकांना दिसत नाहीत, असंही होतं. तेव्हा स्कॅनर गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना ते बघा. गेस्ट वायफाय मुद्दामच एकमेकांना दिसू देत नाही. राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाची खूण असते, ती काढून टाका. आपण काही केलेलं नसलं, तरी बसवणाऱ्याने ती लावून ठेवलेली असू शकते.

वायफायला लागतच नसेल तर

पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, तरी जोडत नाही. पहिला संशय ५ गिगाहर्ट्‌झवर घ्या. बरेच स्कॅनर आणि स्वस्तातले ऑल-इन-वन फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ओळखतात. राउटर दोन्ही देतो. दोघांची नावं वेगळी असतील तर ५जी लिहिलेलं नाव स्कॅनरच्या यादीत येणारच नाही. त्याला दुसरं द्या. संगणक ५ वर आणि स्कॅनर २.४ वर असला तरी चालतं, राउटर एकच असला म्हणजे झालं.

दोन्हींचं नाव एकच असेल तर सेटिंग करताना घोळ होतो: फोन ५ वर असतो, ॲप फोनवरून स्कॅनरला माहिती द्यायला बघतं आणि मध्येच अडकतं. जोडणी होईपर्यंत राउटरवरचं ५ बंद करा, किंवा नावं वेगळी करा. जोडून झालं की ५ पुन्हा चालू करायला हरकत नाही.

दुसरा संशय सुरक्षेच्या प्रकारावर. नवे राउटर कधीकधी डब्ल्यूपीए३ वर लावलेले असतात आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या बऱ्याच स्कॅनरना ते कळत नाही. लक्षण असं, की नाव दिसतं, पासवर्ड घेतो, मग चूक सांगतो. राउटरवर डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा किंवा डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र. सगळं उघडं ठेवणं किंवा जुन्या डब्ल्यूईपीवर जाणं हा उपाय नव्हे. आपल्या फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डं असतात.

वायफायच्या नावात मराठी किंवा कन्नड अक्षरं, इमोजी, अवतरणचिन्हं असतील तर काही यंत्रं गडबडतात. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, पण बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर टाकताना लहान-मोठ्या लिपीची चूक ठरलेली. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल यांच्याकडे दोनदा बघा.

डब्ल्यूपीएसचं बटण असेल तर टायपिंग टळतं. राउटरवरचं बटण दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत स्कॅनरवरचं दाबायचं. मध्ये गिऱ्हाईक आलं आणि तीन मिनिटं गेली तर पुन्हा पहिल्यापासून. वायफायचं नाव लपवलेलं असेल किंवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर हे बटण चालत नाही. जोडणी झाली की राउटरमधून डब्ल्यूपीएस बंद करून टाकलेलं बरं.

तरीही नाही? मग फोनचा हॉटस्पॉट २.४ वर चालू करा (आयफोनवर त्यासाठी मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटीची कळ असते) आणि स्कॅनर त्याला जोडून बघा. जोडला तर स्कॅनरचा रेडिओ चांगला आहे, भांडण राउटरशी आहे. हॉटस्पॉटलाही लागत नसेल तर स्कॅनरची नेटवर्क सेटिंग रिसेट करा. सगळं फॅक्टरी रिसेट करू नका, नाहीतर साठवलेले ईमेल आणि फोल्डर पुन्हा भरत बसाल.

जांभा, पत्रा आणि लोखंडी कपाट

खानापूर-जांबोटीकडच्या जुन्या घरांत, बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतही, जांभ्या दगडाच्या फूट-दीड फूट जाडीच्या भिंती असतात. असल्या एका भिंतीतून २.४ ची लहर जाते, दोन भिंतींतून दमते. ५ ची तर पहिल्याच भिंतीला. त्यात जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. उन्हाळ्यात धडपणे चालणारा स्कॅनर आषाढात मध्येच तुटायला लागला, तर हेही कारण असू शकतं.

पण भिंतीपेक्षा जास्त त्रास देतं ते लोखंड. राउटर पुढे शटरच्या डब्यावर, स्कॅनर मागे फायलींच्या लोखंडी कपाटाला पाठ लावून, ही मांडणी सर्रास दिसते. स्कॅनरचा अँटेना बहुधा मागच्या बाजूलाच असतो. यंत्र कपाटापासून हातभर पुढे ओढलं तरी फरक पडतो. राउटर छताच्या पत्र्याला चिकटवून, इन्व्हर्टरच्या मागे किंवा फ्रीजच्या वर ठेवू नका. डोक्याच्या उंचीवर उघडा ठेवा.

अंदाजाने न बोलता मोजा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनलायझर प्रकारचं कुठलंही ॲप घ्या आणि फोन स्कॅनरच्या वर धरा. आकडा उणे डीबीएममध्ये येतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ ला कुरकुर, उणे ८० च्या पुढे गेला तर स्कॅन अर्ध्यावर तुटणार. प्रिंट निघते पण स्कॅन तुटतं याचं कारणही पुष्कळदा हेच असतं: एक-दोन पानांच्या साध्या प्रिंटला फारशी माहिती जात नाही, स्कॅनला भरपूर यावी लागते.

त्याच ॲपमध्ये शेजाऱ्यांची गर्दीही दिसते. खडेबाजार, गणपत गल्लीसारख्या दाट बाजारात यादी लांबच लांब येते. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. राउटरचं ऑटो काढून यांतला जो मोकळा दिसेल तो पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ४० केली तर अशा गर्दीत वेग फारसा वाढत नाही, शेजाऱ्याशी धडका तेवढ्या वाढतात.

लाईट गेली, आली, आणि स्कॅनर हरवला

लाईट आली की सगळं एकदम चालू होतं. राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. स्कॅनर त्याआधीच जागा होऊन वायफाय शोधतो, सापडत नाही, काही मॉडेल तिथेच हात टेकतात. उपाय: राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस द्या (आधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, सगळे १२ चे नसतात), किंवा लाईट आल्यावर तीन मिनिटांनी स्कॅनर एकदा बंद-चालू करा.

दुसरी भानगड जास्त छुपी आहे. राउटर पुन्हा उठला की पत्ते नव्याने वाटू शकतो. काल २३ वर असलेला स्कॅनर आज ३१ वर. संगणकातलं सॉफ्टवेअर अजून २३ चं दार वाजवत बसलेलं. यावर कायमचा इलाज म्हणजे राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन. तिथे स्कॅनरचा मॅक पत्ता (छापलेल्या पानावरचे बारा अक्षर-आकडे) आणि हवा तो आयपी, समजा १९२.१६८.१.५०, लिहून सेव्ह करा. स्कॅनर बंद-चालू केला की तो कायम ५० वर येईल. स्कॅनरमध्ये हाताने स्थिर पत्ता टाकण्यापेक्षा हे बरं. तिथे गेटवे किंवा मास्क चुकला तर शोधत बसावं लागतं, आणि राउटर बदलला की सगळं उलटतं. राउटर बदलला तर हे रिझर्व्हेशन नव्यात पुन्हा करावं लागतं, एवढं मात्र लक्षात असू द्या.

पत्ते जुळले, तरी संगणक म्हणतो नाही

काळ्या खिडकीत पिंग (ping), एक जागा, मग स्कॅनरचा पत्ता लिहा. चार उत्तरं आली तर रस्ता मोकळा आहे. मग ब्राउझरच्या पट्टीत नुसता तोच पत्ता टाका. बहुतेक यंत्रं स्वतःचं पान उघडतात. (सुरक्षित नाही असा इशारा आला तर घाबरू नका, यंत्र आपलंच आहे.) पान उघडलं म्हणजे आता दोष फक्त विंडोजमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये राहिला.

सेटिंगमध्ये नेटवर्क, तिथून आपलं वायफाय, त्याचे गुणधर्म. पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. नवीन वायफायला विंडोज आपणहून पब्लिक ठरवतं आणि मग शेजारची यंत्रं शोधणं बंद ठेवतं. दुकानातल्या स्वतःच्या वायफायलाच हे करा; बसस्टँडवरच्या फुकट वायफायला नको. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्यातही तेच. पाच मिनिटं ती बंद करून स्कॅन आलं, तर स्कॅनरच्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या आणि फायरवॉल पुन्हा चालू करा. व्हीपीएन चालू असेल तर तोही तपासा. काही व्हीपीएन सगळी वाहतूक आपल्या बोगद्यातून नेतात आणि टेबलावरचा स्कॅनरही दिसेनासा होतो.

ऑल-इन-वन यंत्राची प्रिंट येते आणि स्कॅन येत नाही, तेव्हा ड्रायव्हर अर्धवट असण्याची शक्यता मोठी. विंडोजने आपोआप टाकलेला ड्रायव्हर कधीकधी प्रिंटपुरताच असतो. कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचं पूर्ण पॅकेज घ्या. पत्ता बदलला असेल तर तो कुठे टाकायचा हे कंपनीप्रमाणे वेगळं: एप्सनमध्ये एप्सन स्कॅन २ युटिलिटी, कॅननच्या इंकजेटमध्ये आयजे स्कॅन युटिलिटीची सेटिंग, ब्रदरला आयप्रिंट अँड स्कॅन, एचपीला त्यांचं ॲप. यादीतून जुनी नोंद काढा, नवा पत्ता जोडा. जुनी तशीच ठेवली तर एकाच स्कॅनरची दोन नावं दिसतात आणि पोरं नेमकं मेलेलंच निवडतात.

कंपनीचं सॉफ्टवेअर हट्टाला पेटलं तर नॅप्स२ टाकून बघा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि ट्वेन, विया, ईएससीएल या तिन्ही वाटांनी स्कॅनरशी बोलतं. ईएससीएल ही वाट बहुतेक नव्या नेटवर्क स्कॅनरमध्ये असते आणि तिला कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही. स्कॅन सुरू होऊन मध्येच थिजत असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज इमेज ॲक्विझिशन शोधून ती रीस्टार्ट करा. संगणक बंद-चालू करण्यापेक्षा लवकर होतं.

फोनवरून स्कॅन करत असाल तर आधी मोबाइल डेटा बंद करा. वायफायला इंटरनेट नसेल तर फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि स्कॅनर दिसेनासा होतो. आयफोनमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्कच्या यादीत त्या ॲपची कळ हिरवी हवी. पहिल्यांदा विचारलं तेव्हा कुणीतरी नको म्हटलेलं असतं. अँड्रॉइडवर ॲपला जवळच्या उपकरणांची, जुन्या फोनवर लोकेशनची परवानगी द्या.

फोल्डरला आणि ईमेलला पाठवताना

स्कॅनरवरूनच थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये पाठवायचं असेल तर अडचणी वेगळ्या. विंडोजचा पिन म्हणजे पासवर्ड नव्हे. स्कॅनरला पिन दिला तर तो बाहेरच उभा राहतो. पासवर्डच नसलेलं खातंही चालत नाही. संगणकावर स्कॅनरसाठी एक वेगळं साधं खातं करा, पासवर्ड द्या, एक फोल्डर शेअर करून त्या खात्याला लिहिण्याचा अधिकार द्या. फोल्डरचं नाव इंग्रजीत, जागा न सोडता. स्कॅनरमध्ये संगणकाचं नाव टाकण्याऐवजी त्याचा आयपी टाका आणि त्या संगणकाचाही पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा.

जुनी यंत्रं फोल्डरला फाइल पाठवायला एसएमबी१ ही जुनी पद्धत वापरतात. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून, नव्याने विंडोज टाकलं की ती आपोआप मिळत नाही. विंडोज ११ प्रोचं २४एच२ हे अपडेट झाल्यावर चालू असलेलं बंद पडलं, तर तिथे एसएमबी साइनिंग (प्रत्येक निरोपावर सही तपासणं) सक्तीचं झालंय हे कारण बघा. स्कॅनरचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. लाईट जाण्याच्या वेळी ते करायला बसू नका, मध्येच बंद पडलं तर यंत्र कायमचं बसू शकतं. फर्मवेअर मिळत नसेल तर पेनड्राइव्हवर स्कॅन करा. संगणकाची कुलपं काढून टाकण्यापेक्षा ते परवडलं.

जीमेलवरून पाठवणं अचानक थांबलं असेल तर नेहमीचा पासवर्ड आता चालत नाही, गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी तो रस्ता ३० मे २०२२ पासून बंद केला. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, ॲप पासवर्ड बनवा, तो सोळा अक्षरांचा मिळतो, आणि तोच स्कॅनरमध्ये टाका. पोर्ट ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल. इथे मात्र इंटरनेट लागतंच.

पान जड आहे, वायफायचा दोष नाही

ए४ पान ३०० डीपीआयवर रंगीत घेतलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. न दाबता मोजलं तर सुमारे २६ एमबी. ६०० वर त्याच्या चौपट. रेंज कमी असेल तर हे एक पानच मिनिटभर रांगतं आणि सॉफ्टवेअर कंटाळून जोडणी तुटल्याचं सांगतं. पोर्टलवर चढवायच्या उताऱ्याला, रेशनकार्डाला २०० डीपीआय ग्रे पुरतं.

जुनी खरेदीखतं, मोडीतले कागद मात्र वेगळे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे घराघरांत मराठी आणि मोडीतली दप्तरं निघतात. पिवळ्या कागदावरची फिकट शाई ग्रेमध्ये मरते. ते ३०० किंवा ४०० डीपीआयवर रंगीतच घ्या, आणि वायफायच्या वाटेला न जाता यूएसबीवर घ्या. केबल तीन मीटरपर्यंतची असावी. पाचच्या पुढे यूएसबीचाही भरवसा नाही. तसली कागदं फीडरमध्ये कधीच घालू नका, काचेवरच.

सगळं चालू झालं की एका पांढऱ्या स्टिकरवर चार गोष्टी लिहा: वायफायचं नाव, स्कॅनरचा राखलेला पत्ता, मॅक पत्ता, आणि दोन डबे असतील तर कुठल्या डब्याला जोडलाय ते. पासवर्ड लिहू नका. स्टिकर झाकणावर नको, ते गिऱ्हाइकांसमोर उघडतं. यंत्राच्या कडेला, वायर निघते त्या बाजूला चिकटवा.